चार बोटं कापड

कारखानदार सिद्धाराम विजयमालाबाईंकडे आले ते इतके तापलेले, की पुढ्यातला चहा निवून गेला तरी घोट घेतला नाही. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, हातमागावरचं अर्धवट वॉल हँगिंग कुणीतरी कापून नेलं होतं.

"माग माझा, सूत माझं, मजुरी मी दिली. चोर सापडला की थेट पोलिसात," ते म्हणाले.

बाईंनी तीस वर्षं कॉलेजात कायदा शिकवला, आता लोकांची कोडी सोडवतात. त्यांना रिक्षातून नेणारे चांदसाब मात्र ठिकाण यायच्या आधीच चोर जाहीर करून मोकळे होतात.

मागावर, उभे धागे ओवलेल्या फणीपाशी, चार बोटं कापड शिल्लक होतं. पुढचं सरळ कापलेलं. विणणारा कारागीर महिन्यापूर्वी वारला. नक्षीतल्या दोन मोरांपैकी एकच त्याच्या हातून उतरला होता. उद्या नवा माणूस बसणार होता.

सुट्टीत आत तिघंच होती. सिद्धारामांचा मुलगा पृथ्वीराज म्हणाला, त्याला तो माग भंगारातच घालायचाय. नक्षी काढणारे अतीक म्हणाले, जोडीतला एकच मोर विकत कोण घेणार? कारागिराची बायको रत्नम्मा वीस वर्षं त्याच्या शेजारी बसून सुताच्या कांड्या भरत आलेली. चोर कोण, हे तिनं विचारलंच नाही. उद्याच्या माणसाचं काम अडणार तर नाही ना, एवढंच विचारलं.

"पृथ्वीराजच," चांदसाब कुजबुजले.

"त्यानं फणीला लागून कापलं असतं," बाई म्हणाल्या. "अतीकनंही. मग सगळे धागे फणीतून निसटले असते आणि ती पुन्हा भरायला तीन दिवस गेले असते. ही पट्टी धागे धरून ठेवते. मागाशेजारी जन्म काढलेल्या माणसालाच ते सुचतं."

रत्नम्मानं कांड्यांच्या टोपलीतून घडी काढली.

"दुसरा मोर परक्या हातानं व्हनार व्हता. मला बघवलं न्हाई. कापड तुमचंच हाय, ठाव हाय मला."

चांदसाबांचा चेहरा उतरला. "बाई, कायदा काय म्हन्तो?"

"मालक कोण, एवढंच कायदा विचारतो. ते सिद्धारामच. कुणाचं काय गेलं, हे न्याय विचारतो. फिर्याद द्यायची की नाही, ते त्यांनी ठरवायचं."

सिद्धाराम बराच वेळ त्या पट्टीवरून बोट फिरवत राहिले. चोरी करतानाही रत्नम्मानं त्यांच्या कामाची काळजी घेतली होती.

घडी त्यांनी दोन्ही हातांनी तिच्या पदरात घातली.

"नवा माणूस दोन्ही मोर पहिल्यापासून विणंल," ते म्हणाले. "सकाळी येऊन कांड्या तेवढ्या भरून ठेव."