दोघांचं वजन

बेस गिटार घ्यायला आलेली माणसं आधी ती वाजवून बघतात. मी आधी उचलून बघतो. माझा धंदाच तो आहे. दुकानांचे, गोदामांचे, दवाखान्यांचे वजनकाटे मी दुरुस्त करतो. आणि सुट्टीच्या दिवशी एका बँडमध्ये बेस वाजवायचो. बायको होती तोपर्यंत. ती गायची.

माझी जुनी बेस म्हणजे निव्वळ ओंडका. लग्नाच्या आधीपासूनची. बायको तिला सवत म्हणायची. कार्यक्रम संपल्यावर मी ती गळ्यातून उतरवली की म्हणायची, "सोडा आता तिला. घरी येताय ना?"

यंदा माझा डावा खांदा गेला. तो बेसमुळे नाही गेला. शेवटचे काही महिने बायकोला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर ठेवत होतो, त्यात गेला. तिच्या डॉक्टरांना दर आठवड्याला तिचं वजन कळवायला लागायचं. मी वर्कशॉपमधला तबकडीचा एक काटा घरी आणून पलंगाशेजारी ठेवला होता. तिला उभं राहवेना झालं, तेव्हा तिला उचलून घेऊन मीच काट्यावर उभा राहायचो. दोघांचं मिळून वजन, त्यातून माझं वजा. उरेल ती बायको. "तुमचं जेवण माझ्यात धरू नका," ती म्हणायची. तेवढं बोलूनही तिला दम लागायचा.

ती गेल्यावर हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी विचारलं, "जड काय उचलता?"

"जड काही नाही. बायकोला उचलत होतो. ती शेवटी फारशी भरत नव्हती."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "यापुढे गळ्यात काही अडकवायचंच असेल, तर हलकं बघा."

बँड माझ्या मेहुण्याचा. म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा. ड्रम्स तोच वाजवतो. तो एका संध्याकाळी आला आणि चप्पल न काढता दारातच उभा राहिला.

"भाऊजी, मोठ्या हॉलचा कार्यक्रम ठरलाय. येताय, का दुसरा बघू?"

"बघितलाच असशील. ताई अंथरुणावर असताना नवी गाणारी बघितलीस, तसा."

"मग काय बँड बंद ठेवायचा होता?"

"नको. चालू ठेव. लोकांना नाचायचं असतं."

"तुम्ही ना..." तो म्हणाला. "हो की नाही, तेवढं सांगा. बाकीचे टोमणे मी घरी गेल्यावर मनातल्या मनात ऐकतो."

मी हो म्हटलं. बँडच्या प्रेमाने नाही. तिचे कपडे तिची बहीण घेऊन गेली होती, औषधं दवाखान्याला परत केली होती. घरात तिचं म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं. पण गाण्यांमध्ये ती कुठे श्वास घ्यायची ते माझ्या बोटांना पाठ होतं. तिथे मी एक सूर सोडून द्यायचो, तिला जागा करून द्यायला. त्या जागा मला हव्या होत्या. दुसऱ्या कुणी बेस धरली असती तर त्याने त्या भरून टाकल्या असत्या.

वाद्यांच्या दुकानात दुपारी गर्दी नव्हती. दुकानदार पोरसवदा, दाढी राखलेला. मी त्याला सांगितलं, "हलकी हवी. आणि सगळ्या तऱ्हेचा आवाज निघायला हवा. आम्ही संथ गाणी वाजवतो, नाचाची वाजवतो, मध्येच एखादे साहेब उठून त्यांच्या तरुणपणातलं काहीतरी मागतात."

"हलकी आणि वर सगळ्या आवाजाची," तो म्हणाला. "काका, असं स्थळ मिळत नसतं हो."

एक पोकळ धडाची दाखवली, ती घागरीत बोलल्यासारखी घुमायची. एक अगदी आखूड होती, तिचा आवाज रबर ताणून सोडल्यासारखा. एक मात्र चांगली होती, पण मी हातात घेताच खाली ठेवली. ओंडक्याची धाकटी बहीण.

मग त्याने वरच्या हुकावरची एक काढली. फिकट लाकूड, डाग नाही, पॉलिश नाही. मी ती तळहातांवर तोलली. साडेतीन किलोच्या आतली. टोनचं बटण बंद केलं की आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा मऊ आणि जाड यायचा. उघडत नेलं की त्यात तार दिसायला लागायची आणि शेवटी लख्ख, टणक. एवढ्याशा लाकडात एवढं सगळं.

"पण एक खोड आहे हिची," दुकानदार म्हणाला. "धड हलकं, मान जड. गळ्यात अडकवून हात सोडला की मान खाली जाते. डाव्या हाताने सारखी उचलून धरावी लागते. ज्यांनी नेली त्यांनी परत आणून दिली."

त्याने स्वतः गळ्यात अडकवून दाखवली. हात सोडताच बेसचं डोकं जमिनीकडे झुकलं.

मी अडकवली. एक संथ चाल वाजवली. मग चष्मा घसरला म्हणून दोन्ही हात वर केले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

दुकानदार बेसकडे बघत होता. मान जिथे होती तिथेच, आडवी.

"पट्टा तुमच्या शर्टाला धरत असेल," तो म्हणाला.

"असेल," मी म्हटलं. मलाही तसंच वाटलं. पट्टा खरखरीत होता, शर्ट जाड सुती.

घरी आल्यावर मी रेनकोट चढवला आणि त्यावर बेस अडकवली. रेनकोटवर पट्टा ठरायलाच नको होता. हात सोडले. मान हलली नाही.

इथे बायकोची एक सवय सांगायला हवी. स्टेजवर ती माझ्या डाव्या हाताला उभी राहायची आणि तिचं कडवं यायच्या आधी दोन बोटं माझ्या बेसच्या डोक्याखाली टेकवून ठेवायची. हॉलमधल्या गोंगाटात तिला काही ऐकू यायचं नाही, म्हणून ती सूर लाकडातून घ्यायची. माझं बोट चुकलं की सगळ्यात आधी तिला कळायचं. मग ती दोन बोटांनी डोकं हळूच वर ढकलायची. लोकांना कधी दिसलं नाही. मला दर वेळी दिसायचं.

रेनकोट घालून मी तिचं एक गाणं वाजवायला घेतलं. तिसऱ्या ओळीत बोट चुकलं.

डोकं हळूच वर ढकललं गेलं.

मी थांबलो. खोलीत उजेड होता. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. मी मुद्दाम पुन्हा चुकलो. पुन्हा ढकललं गेलं, या वेळी जरा जोरात. मुद्दाम केलेलं तिला कधीच खपायचं नाही.

माझा विश्वास काट्यावर. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये बेस हुकाच्या काट्याला टांगली आणि वजन घेतलं. मग मोठ्या काट्यावर उभा राहून स्वतःचं घेतलं. मग बेस गळ्यात अडकवून, हात सोडून, दोघांचं. पट्ट्याने मान धरली असती तर सगळा भार माझ्यावरच आला असता आणि बेरीज जुळली असती.

जुळली नाही. तूट अर्ध्या किलोहून थोडी कमी. ती मान सावरून धरायला तेवढंच लागतं.

मला भीती वाटली नाही. राग आला. इतके महिने त्या घरात भिंतीकडे तोंड करून जेवलो, तेव्हा कुठे होती ही? मी तिला उचलत होतो तेव्हा माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. आणि आता साडेतीन किलोचं लाकूड उचलायला आली.

सरावाला नवी गाणारी होती. पोर वाईट नाही. बायकोची गाणी तिने आपल्या पट्टीत चढवून घेतली होती आणि ती भलतीकडेच श्वास घेत होती. मी तिच्याशी फारसं बोललो नाही. टोनचं बटण मी पूर्ण उघडून ठेवत होतो, नव्या गाण्यांना तसाच आवाज लागतो. प्रत्येक गाण्यानंतर ते बंद झालेलं असायचं. "ते टणटण नको हो, मऊ ठेवा," असं बायको सारखी म्हणायची.

मध्येच ती पोर म्हणाली, "काका, मला सूर ऐकू येत नाहीये. ताई इथे हात ठेवायच्या ना? मी ठेवू?"

मी काही म्हणायच्या आत तिने बेसच्या डोक्याखाली हात नेला. लगेच काढून घेतला आणि ओढणीला पुसला. नंतर ती माझ्या उजवीकडे उभी राहिली.

घरी जाताना मेहुणा म्हणाला, "काही बोललात का तिला? तुमच्या डावीकडे उभी राहणार नाही म्हणते."

"मी काय बोलणार?"

"तेही खरं. तुम्ही न बोलताच जास्त लागता."

मी रोज वाजवू लागलो. सकाळी कामाला जायच्या आधी आणि आल्यावर, पलंगाच्या कडेला बसून. तिच्या पट्टीत, तिच्या जागा सोडून. खांदा दुखायचा थांबला. वर्कशॉपमध्ये रोज एकदा काट्यावर उभा राहायचो. तूट वाढत होती. आधी अर्धा किलो होती, मग बेसच्या सगळ्या वजनाइतकी झाली. मग त्याहून जास्त. म्हणजे बेसखेरीज आणखी काहीतरी उचललं जात होतं.

मी बेस भिंतीला टेकवली आणि एकटा काट्यावर चढलो.

तूट तशीच होती.

काटा प्रमाणित वजनं ठेवून तपासला. काट्यात खोट नव्हती. माझी पँट ढिली झाली नव्हती, पट्टा त्याच भोकात होता. आरशात तोंडही तेच, आंबट. फक्त मी खुर्चीत बसलो की गादी पूर्वीसारखी दबत नव्हती.

घरातला तबकडीचा काटा पलंगाशेजारी अजून तसाच होता. तो कुणी हलवला नव्हता, मीही नाही. वाजवता वाजवता माझी नजर त्याच्यावर गेली. वर काही ठेवलेलं नव्हतं आणि सुई शून्यावर नव्हती. स्प्रिंग जुनी झाली की असं होतं. खालची चकरी फिरवून मी सुई शून्यावर आणली.

पुढचं गाणं संपेपर्यंत ती पुन्हा सरकली होती.

मी तो काटा वर्कशॉपमध्ये नेला. तिथे सुई शून्यावर. वजनं ठेवली, बरोबर दाखवली. काढली, शून्य. घरी आणून पलंगाशेजारी ठेवला आणि सुईकडे बघत बसलो. सुई हळूहळू चढली आणि थांबली. आकडा मी ओळखला. त्या दिवशी माझ्यात तेवढंच कमी भरलं होतं.

तेव्हा थांबता आलं असतं. बेस दुकानात परत करता आली असती. आणखी एकाने परत आणली, याचं त्या दुकानदाराला नवल वाटलं नसतं. मी दोन दिवस तिला हातही लावला नाही. सुई होती तिथेच राहिली, मीही होतो तेवढाच राहिलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आलो, दिवा लावला आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला बसलो. अर्ध्या जेवणातून उठलो आणि बेस गळ्यात अडकवली.

काल मेहुणा मला न्यायला आला होता. कार्यक्रम जवळ आलाय, आता सराव हॉलमध्ये असतो. टेम्पोत चढताना माझा पाय अडखळला. त्याने मला काखेत धरून वर घेतलं.

"चला, उडा," तो हसत म्हणाला.

मग हसायचा थांबला. मला खाली ठेवायचंच विसरला होता. लहान मुलाला धरावं तसा एका हाताने धरून तो माझ्याकडे बघत राहिला.

"भाऊजी, डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं. हलकं बघा म्हणाले."

त्याने मला सीटवर ठेवलं. हॉलवर त्याने बेस माझ्या हातातून स्वतःकडे घेतली. त्याच्या हातात तिची मान धाडकन खाली गेली.

आज सुट्टी आहे. सकाळपासून वाजवतोय. खोलीत ऊन आलंय, तबकडीवरचे आकडे इथून वाचता येतात. मी तिला उचलून घेऊन शेवटचं वजन केलं होतं तेव्हा दोघांच्यातून माझं वजा करून जो आकडा उरला होता, सुई आता त्याच्यावर आहे. स्थिर नाही. माणूस उभ्या उभ्या एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो, तेव्हा हलते तेवढी हलतेय.

मी चकरीला हात लावलेला नाही.

पण आजारी पडायच्या आधी ती यापेक्षा बरीच जास्त भरायची. तेवढं माझ्याकडे आहे.