थोटक्या बोटाचा ठसा

माझ्या थापा वाळत घातल्या तर गावभर दोऱ्या बांधाव्या लागतील, असं माझी बायको म्हणते. तेव्हा यातलं हवं तेवढं सोडून द्या. फक्त खुर्ची जरा भट्टीपासून लांब घ्या. आणि भुतं रात्रीच येतात, ही झोप न येणाऱ्यांनी उठवलेली आवई. ही गोष्ट दुपारी तीनची आहे, लख्ख उन्हातली.

आम्ही दोघे भाऊ. दादा भांडी करायचा, मी बोलायचो. वाटी एकदा भाजून निघाली की झिलईच्या पातळ काल्यात बुचकळायची आणि पुन्हा भट्टीत लावायची. बुचकळताना बूड चिमटीत धरावं लागतं, बोटं टेकतात तेवढी जागा कोरी राहते. दादाच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. त्यामुळे त्याच्या प्रत्येक वाटीच्या बुडाशी अंगठा, दोन बोटं आणि एक थोटका गोल ठसा. मी मागाहून कुंचल्याने त्या जागा भरून टाकायचो. शिक्का तर माती ओली असतानाच माझा उठलेला असायचा. एवढीच माझी कारागिरी.

“पुसतोस कशाला रे? असू देत की,” दादा म्हणायचा.

“गिऱ्हाईक म्हणतं, उंदराने कुरतडलंय.”

तो हसायचा आणि हसता हसता खोकायचा. झिलईची भुकटी वीस वर्षं छातीत साचलेली. खोकतच गेला.

भेटायला आलेले लोक माझ्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “दादा गेले, पण तुमची लाल झिलई शाबूत आहे, हे काय कमी?” मी मान डोलावली. नेमकी वहिनी पाण्याचे पेले घेऊन दारात उभी.

सगळे गेल्यावर ती म्हणाली, “भाऊजी, एक भट्टी लावा. लाल उतरलं तर झिलई तुमची. नाही उतरलं, तर दुकानाच्या पाटीवर ह्यांचं नाव लागेल.”

“मान्य,” मी म्हणालो. जिभेला हाड कुठे होतं!

तांब्याची झिलई मोठी खोडसाळ. भट्टीत हवा खेळती राहिली तर हिरवी होते. ऐन वेळी धुराड्यावरची फरशी सरकवून हवा कोंडली, तरच लाल. ती ऐन वेळ दादाला ज्वाळेच्या रंगावरून कळायची. त्याने मला दहादा सांगितली असेल. दहाही वेळा मी गिऱ्हाइकाशी बोलत होतो.

वहिनीच्या डोळ्यांदेखत मी बारा वाट्या बुचकळल्या, सांडशीने धरून. बोट म्हणून लावलं नाही. पहाटे भट्टी पेटवली. तीनच्या सुमाराला वहिनी समोर स्टुलावर बसलेली आणि मी फरशीच्या दांडीवर हात टेकून उभा. आत्ता? की अजून जरा...? ज्वाळ घटकेत पिवळी दिसे, घटकेत पांढरी. कानामागून घाम ओघळत होता.

भट्टीच्या मागे कुणीतरी खोकलं.

“भाऊजी... तुम्ही खोकलात?”

“नाही...”

“मग...”

माझा हात दांडीवर नुसता टेकलेला होता. हाताखालची फरशी करकरत सरकली. थांबली. मग अंगुळभर मागे आली. दादा अस्संच करायचा, आधी थोडी जास्त, मग अंगुळभर मागे. भट्टीच्या झरोक्यातून काळा धूर लोटला, आणि त्या धुराला खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास होता...

तिसऱ्या दिवशी भट्टी उघडली. बारा वाट्या, डाळिंबाच्या दाण्यासारख्या लाल. आणि बाराही वाट्यांच्या बुडाशी अंगठा, दोन बोटं, थोटका ठसा.

वहिनीने त्या थोटक्या ठशावर आपलं बोट ठेवलं. बराच वेळ काढलं नाही.

“आता सांगा, भाऊजी. कुणाची?”

आयुष्यात एकदाच खरं बोलायची संधी चालून आली होती. मी म्हणालो, “लाल उतरलं ना? ठरलं होतं तसं.”

ती हाताची राख झटकून उठली. “राहू दे तुमची पाटी. ह्यांना तिची गरज दिसत नाही.” त्यानंतर ती या अंगणात आली नाही.

तेव्हापासून दर भट्टीला लालच उतरतं. नाव माझंच गाजतं. ठशांवर झिलई भरून पुन्हा भाजून पाहिलं, पण ठसे जात नाहीत. उलट दर खेपेच्या वाट्यांवर ते थोडे वर सरकलेले असतात. आधी बुडाशी होते, मग पोटावर आले, मग काठाजवळ. गिऱ्हाइकं म्हणतात, “वा, काय कल्पना आहे!” मी म्हणतो, “सुचली एकदा.”

मागच्या खेपेला अंगठा काठाच्या आत निघाला आणि बोटं काठावरून बाहेर. विहिरीतून वर येणारा माणूस कठडा धरतो ना, तशी.

ही भट्टी परवाच निवायला हवी होती. हात लावून बघा... गरम आहे ना अजून? दाराच्या विटा मी काढलेल्या नाहीत. काढवत नाहीत.

मागच्या वाट्यांवर फक्त उजवा हात होता.