अकरा रोपं, जमिनीत

पहिलं रोप.

"जमिनीत नको, वहिनी! कुंडीत लावा… कुंडीत!"

केसरबाईने ते ऐकलं, आणि चार पानांचं कोवळं रोप पळसाच्या द्रोणासकट खिडकीखालच्या वाफ्यात बसवून टाकलं! भोवती माती दाबली. तांब्यातलं पाणी धारेने नाही, बोटांवरून घातलं.

तिचा दीर भीमराज पहिली शिफ्ट करून नुकताच कंपनीच्या क्वार्टरवर आला होता. येताना पिंपरी कॅम्पातून हातगाडीवर कुंड्या घेऊन आला होता. अकरा कुंड्या, नव्या, लाल मातीच्या.

"रविवारी टेम्पो येतोय," तो म्हणाला. "कुंडीत असले की वेल तुमच्याबरोबर गावी, निघोज्याला येतील. तुमचा जीव आहे त्यांच्यावर, म्हणून तर आणल्या मी!"

हाय रे माया! माणसाला घराबाहेर काढायचं, आणि त्याचा हिरवा संसारही आठवणीने बरोबर बांधून द्यायचा…

दुसरं रोप.

गणेशवेल होता तो. केसासारखी बारीक पानं, पुढे लाल चांदण्यांसारखी फुलं, आणि एका मोसमाचं आयुष्य. बी रात्रभर भिजवून तिने द्रोणात पेरलं होतं, कारण या वेलाच्या मुळाला हात लागलेला खपत नाही. लावताना द्रोणच मातीत ठेवायचा. पान कुजतं, मूळ आपली वाट काढतं.

"बाई, आपल्यात कशाला हा गणेशवेल?" दारात बसलेली जाऊ शालन हसून म्हणाली. तिला सातवा महिना होता. बाळंतपणाला तिची आई येणार होती, आणि खोल्या दोनच. "आपण बुद्धाचे ना?"

"दीक्षा माणसांनी घेतली, शालन. वेलाला कुणी विचारलं नाही अजून."

शालनला खुदकन हसू आलं. भीमराजला आलं नाही.

तिसरं. चौथं. पाचवं.

हात भराभर चालत होते, कारण हात थांबले असते तर अंतःकरण बोललं असतं… आणि बोलायचं नाही असं वचन होतं! नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा, कंपनीत कामाला असलेला ज्ञानदेव, काविळीने गेला. कंपनीने घरातल्या एका माणसाला घ्यायचं कबूल केलं. कागदावर नाव पडलं होतं केसरबाईचं. बागखात्यातली जागा! उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचं नाव टाईप केलं होतं. आणि त्याच दिवशी सासूने, जाईबाईने, तिचे हात धरले होते. एकोणीस वर्षांचा भीमा चिंचवड स्टेशनावर दिवसभर बसून असतो, वाया जाईल पोरगं… तुझ्याऐवजी त्याला घ्यायला सांग. आणि त्याला कधी कळू देऊ नको. नोकरी आपल्या हिमतीवर मिळाली, असं वाटू दे त्याला.

तिने सांगितलं. साहेबाने भीमराजला बोलावून चार प्रश्न विचारले. तो उड्या मारत घरी आला, "वहिनी, मी पास झालो!" आणि तिने त्याच्या हातावर गूळ ठेवला.

सहावं रोप.

"ऐकत का नाही तुम्ही?" भीमराजचा आवाज चढला. "मी काय वाईट केलं तुमचं? नऊ वर्षं सांभाळलं! कोण सांभाळतं विधवा भावजयीला इतकी वर्षं?"

सांभाळलं!

तिचा हात मातीतच थिजला. दारात जाईबाई उभी होती. केसरबाईला न्यायला ती सकाळीच निघोज्याहून आली होती. दोघींची नजर भिडली. केसरबाईच्या डोळ्यांत याचना नव्हती, अश्रू तर नव्हतेच.

"मी जाणार नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे जाणार नाही! कुंड्या परत करा. हे वेल इथेच चढणार, आणि फुलं येतील तेव्हा मी इथेच असणार!"

"कुणाच्या जिवावर, वहिनी?"

सातवं… सातवं रोप तिच्या हातातच राहिलं, कारण जाईबाई पायरी उतरून खाली आली होती.

"तिच्याच!" म्हातारी कापऱ्या आवाजात ओरडली. "तिच्याच जिवावर! तू बी, मी बी, हे घर बी! भीमा, तुजी नोकरी तुजी न्हाई रं… तिच्या नावाची हाय ती! म्या तोंड दाबलं तिचं. माज्या पोटच्या पोरापायी म्या तिला लुटली!"

"आत्याबाई, नका…"

"का नको? मरताना संगं न्हेऊ व्हय मी हे?"

भीमराज एकदा आईकडे बघत राहिला, एकदा वहिनीकडे. तो गूळ, ते पास होणं, पगाराच्या दिवशीची ती ताठ मान… सगळं त्याच्या चेहऱ्यावरून उतरत गेलं. तो वाकला, तिच्या पायांकडे.

तिने पाय मागे घेतले.

"पाया पडू नका, भावजी. आधी ऐका. उपकार म्हणून ठेवून घेणार असाल, तर तसं मी राहणार नाही. हक्काची म्हणून राहीन. शालनचं बाळंतपण मी करीन, तिची आईही येऊ दे. दाटीवाटीने राहू. आणि उद्या सकाळी मी बागखात्यात जाऊन सोडलेल्या जागेच्या बदल्यात माझ्यासाठी जागा मागणार आहे. देतील, न देतील. पण मागणार!"

"मी येतो बरोबर," तो हुंदक्यातून म्हणाला. "मी सांगतो साहेबांना…"

"मला तोंड आहे."

शालन डोळ्यांना पदर लावून उठली आणि कुंड्या परत हातगाडीवर ठेवू लागली. "अगं, वाकू नकोस!" केसरबाईने तिला दटावलं. काहीतरी करायलाच हवं म्हणून भीमराजने घाईघाईने पुढचं रोप उचललं… देठाला धरून.

"अरे, देठाला धरतोस? मान मोडशील त्याची! खालून हात घाल, भीमा, खालून!"

भीमा. नऊ वर्षांत 'भावजी'शिवाय तिच्या तोंडून दुसरी हाक आली नव्हती.

त्याने द्रोणाखाली ओंजळ धरली. "आता?"

"आता ठेव बाजूला. आधी आळं कर."

कंपनीच्या खाकी कपड्यांतच तो मातीत बसला आणि हातांनी उकरू लागला.

"झालं?"

"अजून खोल," केसरबाई म्हणाली.

तो उकरत राहिला.

"अजून."