मिनिटाला एक झुरका

ऑफिसात त्यांना तोंडावर साहेब म्हणायचे आणि पाठ फिरली की मिलिग्रॅम. दुकानोदुकानी फिरून वजनकाटे तपासायचे, काटा खरा निघाला तर शिक्का मारायचा आणि चोर निघाला तर उचलून आणायचा, ही त्यांची नोकरी. एकवीस वर्षांत त्यांनी कुठल्याच काट्याला दयामाया दाखवली नव्हती. अपवाद एकच, घरच्या न्हाणीघरातला. त्याच्यावर चढताना मात्र ते श्वास आत ओढून धरायचे. जसं काही जास्तीचं वजन श्वासाचंच होतं.

दुसरा अपवाद सिगारचा. त्या बाबतीत ते माणसासारखे वागायचे.

मागच्या वर्षी छातीत कळ आली आणि दवाखान्यात जावं लागलं. तपासणीआधी लग्नाची अंगठी काढायची होती. नर्सने साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळून ओढलं. बोट सुजलं, पण अंगठी हलली नाही. शेवटी नर्सने हात टेकले. खाटेशेजारी उभ्या बायकोने तेव्हाच सांगून टाकलं, "यापुढे एक जरी सिगार पेटवलात तर मी बहिणीकडे जाईन. आणि शिलाई मशीन घेऊन जाईन."

बहिणीकडे ती वर्षातून दोनदा जायचीच. मशीन म्हटल्यावर मिलिग्रॅमना घाम फुटला. पुढच्या खोलीत ती लोकांचे कपडे शिवायची. मशीन गेलं म्हणजे बाई परत येत नाही, हे त्यांना न सांगता कळलं.

त्यांनी पेटवणं सोडलं. नाद नाही सोडला. दुकानात जाऊन सिगार निवडायचा, दोन बोटांत हलकेच दाबायचा, कानाशी फिरवून पान कुरकुरतं का ऐकायचं, नाकाखालून न्यायचा आणि घरी आणून लाकडी पेटीत झोपवायचा. रविवारी शेजारचे दातांचे डॉक्टर आले की प्रवचन चालू.

"मिनिटाला एक झुरका. घाई केली की कडू. राख झटकायची नाही, चांगला सिगार आपली राख आपण सांभाळतो. आणि ही कागदी पट्टी नखाने सोलणारा माणूस गाढव समजावा. आग जवळ आली की डिंक तापतो, पट्टी आपोआप सुटते. त्यानंतरचे चार झुरके म्हणजे अर्क!"

"आणि हे सगळं न पेटवता?" डॉक्टर विचारायचे.

"पोहण्याचं पुस्तक वाचायला पाणी कशाला लागतं?"

तो सिगार त्यांना कामावरच भेटला. बाजारामागच्या गल्लीत एका म्हाताऱ्याचं तंबाखूचं दुकान होतं. काटा तपासला. बिनचूक. मिलिग्रॅमनी शिक्का मारला, सही केली.

म्हाताऱ्याने चष्मा वर करून त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "साहेब, तुमचं वजन किती?"

"चौऱ्याऐंशी. का?"

त्याने खालचा खण उघडला, न बघताच हात घातला आणि एक सिगार काढून काट्यावर ठेवला. आठ पूर्णांक चार ग्रॅम. पट्टी साधी, सोनेरी, तिच्यावर अक्षर नाही.

"माणसाने आपल्या मापाचा घ्यावा," म्हातारा म्हणाला.

मिलिग्रॅम हसले. धंदेवाल्याची बोलण्याची तऱ्हा, दुसरं काय! सिगार मात्र अव्वल होता. त्यांनी पैसे दिले, पावती घेतली आणि फुशारकीने घरी आले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला ते खुर्चीत चहा पीत बसले होते. बायकोचं मशीन खडखडत होतं. अचानक त्यांच्या छातीतली हवा कुणीतरी हळूच ओढून घेतली. दुखलं नाही. नळीतून सरबत वर जावं तसं काहीतरी पायापासून वर सरकलं आणि थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा.

"गॅस," बायको म्हणाली. "भजी कुणी खाल्ली, मी?"

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी सवयीने पेटी उघडली. सोनेरी पट्टीच्या सिगारचं टोक काळं पडलं होतं. काळ्याच्या पुढे करडी राख, घट्ट, न पडलेली. पेटी थंडगार. जळल्याचा वास नाही. त्यांनी खिशातला काटा काढला. राख सोडून आठ पूर्णांक एक.

न्हाणीघरात जाऊन ते काट्यावर चढले. श्वास न ओढता.

एक्क्याऐंशी.

त्यांनी काटा उलटा करून स्प्रिंग पाहिली. ऑफिसातली प्रमाण वजनं आणून तपासला. काटा खरा होता. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा काटा चोर निघावा असं त्यांना वाटलं.

पुढचा महिना सगळं गाव त्यांचं कौतुक करत होतं. सिगार सोडला की कशी तब्येत सुधारते बघा! दातांच्या डॉक्टरांनी पथ्य विचारून घेतलं. ऑफिसात साहेबांच्या साहेबांनी पाठ थोपटली आणि हाताला राखेसारखं काहीतरी लागलं म्हणून रुमालाला पुसलं. बायकोने एक पँट तीनदा आत घेतली. तिच्या वहीत नवऱ्याची मापं एकाखाली एक उतरत चालली होती. "रोज मापं बदलणारं एवढं तापदायक गिऱ्हाईक मी आजवर पाहिलं नाही," ती म्हणायची, पण खूश होती. फक्त झोपताना एकदा म्हणाली, "तुमचे पाय किती भाजतात हो."

मिलिग्रॅमना कुठेच बसवेना. पाच वाजायला आले की ते पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, तिथून जिन्यात, जिन्यातून रस्त्यावर. एकदा बस पकडून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. पाचच्या ठोक्याला बसमध्येच त्यांची हवा ओढली गेली. शेजारच्या बाईने खिडकी उघडून दिली. त्यांनी घड्याळ लावलं. दोन ओढींमध्ये साठ सेकंद. पुढच्या दोनमध्येही साठ.

जो कोणी होता, जाणकार होता.

ते दुकानात गेले. "हा परत घ्या."

म्हाताऱ्याने सिगार हातात न घेता पाहिला. "वापरलेला माल परत घेत नाही, साहेब."

"मी पेटवलाच नाही!"

"तेच तर. एवढा चांगला सिगार नुसता ठेवून द्यायचा नसतो. आपण पेटवला नाही तर दुसरं कुणीतरी पेटवतं."

"तुमचा काटा खोटा आहे."

म्हाताऱ्याने काटा वळवून त्यावरचा शिक्का दाखवला. खाली मिलिग्रॅमची स्वतःचीच सही होती.

शुक्रवारी बायको खडू शोधत होती आणि तिने पेटी उघडली.

"अहो."

त्या 'अहो'चे घरात दहा-बारा प्रकार होते. हा त्यांनी पूर्वी ऐकला नव्हता.

"अगं, मी ओढत नाही."

"अर्धा जळलाय. म्हणजे उंदीर ओढतात?" तिने मशीनवर झाकण घातलं, कड्या लावल्या. मग सिगार उचलला. "हा आधी पाण्यात घालते."

"नको!"

आपला आवाज इतका पातळ झालाय हे त्यांना तेव्हाच कळलं. तिलाही कळलं. तिने सिगार जागेवर ठेवला.

"पाच मिनिटं बस," ते म्हणाले. "पाच वाजतील. मग बहिणीकडे जा, मशीन मी स्वतः उचलून रिक्षात ठेवतो."

"तुम्हाला बॉबिन तरी उचलतंय का आता?" ती म्हणाली. पण बसली.

पेटी दोघांच्या मध्ये उघडी. भिंतीवर घड्याळ.

पाच वाजले.

सिगारचं टोक लाल झालं. धूर नाही. त्याच क्षणी मिलिग्रॅमचे गाल आत गेले, खांदे वर आले आणि पुन्हा खाली बसले.

बायकोने सिगारकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. मग घड्याळाकडे.

साठ सेकंद. टोक लाल. गाल आत.

"तुम्ही नाही ओढत," ती हळू म्हणाली.

"तेच सांगत होतो."

तिने मशीनच्या कड्या पुन्हा उघडल्या. का ते तिलाही सांगता आलं नसतं. मग खुर्ची ओढून त्यांच्याजवळ आली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"कुठे जात नाही मी. श्वास धरा. घट्ट धरा."

त्यांनी धरला. टोक लाल झालं. श्वास गेला.

"पुन्हा धरा."

तिने हात आणखी आवळला. आणि तिच्या तळव्यात काहीतरी घसरून पडलं. तिने मूठ उघडली.

अंगठी.

"अहो," ती म्हणाली, "ही एवढी गरम का?"

मिलिग्रॅमनी पेटीत पाहिलं. आग अजून दोन बोटं दूर होती, पण सोनेरी पट्टी सुटून पेटीच्या तळाशी पडली होती.

घड्याळात मिनिट भरायला अकरा सेकंद होते.