चढावर ती गप्प असायची

सायकल देऊन टाकायची होती. एवढंच काम होतं.

दोन माणसांची सायकल. एकामागे एक दोन सीटा, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या. पुढचा वळवतो आणि ब्रेक दाबतो. मागच्याचं हँडल नुसतं धरायला असतं. दोन्हीकडची पायडलं एका चेनने जोडलेली असतात, एक फिरलं की दुसरं फिरतंच. बायको गेल्यानंतर दहा महिने ती सायकल जिन्याखाली उभी होती. येताजाता तिचं हँडल माझ्या कोपराला लागायचं, आणि दर वेळी मी सवयीने म्हणायचो, "अगं, सरक जरा."

आमच्या गावाबाहेरून एक जुना रेल्वेमार्ग डोंगराच्या पायथ्याकडे जातो. गाड्या बंद होऊन चाळीस वर्षं झाली. रूळ उखडून तिथे सायकलींसाठी गुळगुळीत वाट केली आहे. मोटारींना बंदी. दोन्ही बाजूंना शेतं, मग कुरणं, मग झाडी, तीन बोगदे, आणि चाळीस किलोमीटरवर शेवटचं स्टेशन. तिथल्या मालधक्क्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री सायकली दुरुस्त करतो आणि फिरायला येणाऱ्यांना भाड्याने देतो. फोनवर तो म्हणाला, "आणून टाका साहेब, मी घेतो ठेवून."

टेम्पोतून पाठवता आली असती. पण मला ती चालवत न्यायची होती. एकट्याने. का, ते सांगतो.

बायको जिन्यातच गेली. दळण घेऊन वर येत होती, सातव्या पायरीवर बसली आणि उठलीच नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, "हृदय फार दमलेलं होतं हो. एकदोन दिवसांचं नाही हे, बरीच वर्षं. अंगमेहनतीचं काही करायच्या का?"

मला त्या परिस्थितीतही हसू आलं. "ती? ती सायकलवर मागे बसायची."

लेक शेजारीच उभी होती. बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिने विचारलं, "बाबा, खरं सांगा. चढावर आई पायडल मारायची की नाही?"

"तुझी आई? अगं, सामान होतं ते माझं. अकरा वर्षं ओढलं. हवं तर मावशीला विचार."

"मावशीला ते तुम्हीच सांगितलंय."

त्यानंतर लेक दर रविवारी फोन करते. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, ठेवते. तिच्या मनात काय आहे ते तिने पुन्हा काढलं नाही आणि मीही काढलं नाही. पण ते तसंच होतं. म्हणून म्हटलं, अख्खी वाट एकट्याने चालवायची. अकरा वर्षं मीच ओढत होतो हे निदान माझं मला तरी कळू दे.

दुपारी बाराला निघालो. आभाळ भरलेलं, वारा नाही. रेल्वेचा चढ फसवा असतो. डोळ्यांना वाट सपाट दिसते, मांड्यांनाच काय ते कळतं. पहिल्या दहा किलोमीटरांतच माझ्या मांड्यांना कळलं. सायकल जड लागत होती. वास्तविक एक माणूस कमी झालेलं, ती हलकी लागायला हवी होती. मी स्वतःला सांगितलं, वय झालं, दहा महिन्यांची सवय मोडली, हवा कमी असेल. उतरून दोन्ही चाकं दाबून पाहिली. टणक होती.

सपाटीवर बायको फार बोलायची. कोणाच्या कुंपणाला काय वाळत घातलंय, कोणाची म्हैस व्याली, जुन्या स्टेशनमास्तरच्या घरात राहायला आलेली माणसं भांडकुदळ कशी दिसतात. मला फक्त रस्ता दिसायचा, तिला बाकी सगळं. मात्र चढ आला की ती गप्प व्हायची. मग मी मोठ्याने म्हणायचो, "झोपलीस का गं मागे?" बरोबरची सायकलवाली मंडळी हसायची. मेहुणी तर ते वाक्य घरी माझी नक्कल करून म्हणायची. आणि बायको सावकाश, एकेक शब्द मोजून उत्तर द्यायची, "तुम्ही... पुढे बघा."

दोन बोगदे पार करताना मी चार वेळा उतरलो. तिसऱ्या बोगद्याच्या तोंडाशी आलो तेव्हा चार वाजले होते आणि धुकं वाटेवर उतरू लागलं होतं.

तिसरा बोगदा सगळ्यांत लांब, आणि वळणाचा. मधोमध गेलं की मागचं तोंडही दिसत नाही आणि पुढचंही. भिंतींवरचे दिवे कधीचे फुटलेत. सायकलच्या दिव्यात समोरचं हातभर दिसत होतं. ओल्या दगडांचा वास होता आणि त्याखाली जुन्या धुराचा. इतक्या वर्षांनीही तो तिथून हललेला नाही. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. चेनची टिकटिक भिंतींना लागून परत येत होती.

मध्यावर आल्यावर सायकल हलकी झाली.

मला आधी वाटलं, उतार लागला. पण त्या बोगद्यात उतार नाही, हे मला पाठ आहे. पायडलं आपली आपण माझ्या तळव्यांखालून निसटून पुढे जात होती. मी जोर कमी केला. वेग कमी झाला नाही. मी पाय उचलले, दोन्ही, आणि बाजूला अधांतरी धरले. पायडलं फिरत राहिली. सायकल चढत राहिली, त्याच एका लयीत.

चेनच्या टिकटिकीखाली आता आणखी एक आवाज होता. माझ्या पाठीच्या उंचीवर. श्वास. तोंड मिटून, नाकाने घेतलेला. खूप धाप लागलेली असताना समोरच्याला ती कळू नये म्हणून माणूस घेतो ना... तसा.

मी मागे वळून पाहिलं नाही. अकरा वर्षांत कधीच पाहिलं नव्हतं. पुढच्याने रस्त्याकडे बघायचं असतं. हँडल घामाने निसटत होतं, आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. सवयीचं.

"झोपलीस का गं मागे?"

पायडलं थांबली. हळूहळू नव्हे, एकदम. आणि श्वासही थांबला. बंद पडला असं नाही... कोणीतरी तो रोखून धरला.

सायकल कलंडायला लागली तसा मी पाय टेकला. पायडलावर सगळं वजन टाकून पाहिलं, ते तसूभर हललं नाही. अंधारात किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग खाली उतरलो आणि हँडल धरून ढकलत चालू लागलो. ढकलताना चाकं फिरत होती. पण सायकल रिकामी नव्हती. रिकामी सायकल ढकलताना ती हाताला कशी लागते, ते मला माहीत आहे.

बोगद्यातून बाहेर आल्यावर ते वजन गेलं. तरी उरलेले सहा किलोमीटर मी चालतच गेलो.

मिस्त्री शेडच्या दारात चहा पीत बसला होता. चष्म्याची काडी तारेने बांधलेली. मला पाहून तो हसला. "बसून यायची वस्तू ती, आणि तुम्ही तिलाच फिरायला आणलंत होय?"

त्याने सायकल स्टँडवर चढवली, पायडल हाताने फिरवलं. अगदी मोकळं फिरलं. मग वाकून तो दातेरी चाकांवरून नख फिरवू लागला.

"पुढे कोण बसायचं?"

"मी."

"किती वर्षं?"

"अकरा. सगळ्या चढांवर मीच ओढायचो."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "साहेब, कोणी सांगितलं तुम्हाला?"

"म्हणजे?"

"इकडे या. ही डावीकडची चेन, पुढून मागे येणारी. पुढच्याचा जोर हिच्यातूनच जातो, दुसरी वाट नाही. पुढच्याने जोर लावला की ही ताणते, दाते झिजतात. तुमची बघा, काल दुकानातून आणल्यासारखी. आणि आता ही उजवीकडची, मागच्या पायडलापासून चाकाला जाणारी." त्याने माझं बोट धरून त्या दात्यांवर टेकवलं. ते झिजून टोकदार झाले होते. "ओढणारा मागे होता. पुढच्याचे पाय नुसते फिरत होते. मजा केलीत की!"

मग त्याने माझा चेहरा पाहिला. माझं बोट सोडलं.

"मागे कोण असायचं?"

"बायको."

तो फडक्याने हात पुसू लागला.

सायकल घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी माझा गुडघा धरला होता. डॉक्टरांनी जोर लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "सायकल कशाला सोडता? तुम्ही फक्त वळवा, बाकीचं बघू." वर्षभरात गुडघा बरा झाला. भेटेल त्याला मी सांगत सुटलो, सायकलनेच बरा केला. तिच्यासमोर सांगायचो. ती मान डोलवायची.

सायकल तिथेच ठेवून मी बसने घरी आलो. रविवारी लेकीचा फोन आला.

"दिलीत का सायकल?"

"दिली."

"चालवत नेलीत म्हणे. जड गेली?"

तिला सांगायची वेळ हीच होती. माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं.

"नाही गं," मी म्हणालो. "नेहमीसारखीच."

"बरं," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "ठेवते."

याला सहा आठवडे झाले. काल सकाळी सातला फोन वाजला. मिस्त्री होता.

"साहेब, झोपमोड केली. एक विचारायचं होतं. तुमच्याकडे त्या सायकलच्या कुलपाची दुसरी किल्ली आहे का?"

"नाही. का?"

"नाही, असंच..." तो घुटमळला. "आली तेव्हाच मी दोन्ही चेना नव्या घातल्या, दाते नवे घातले, आणि भिंतीला उंच टांगून तिचंच कुलूप लावलं. अजून एकालाही दिलेली नाही. आज पुसायला उतरवली, तर मागची चेन पार संपलीय. दाते गेलेत. पुढची कोरी आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"आणि पुढची सीट कोणीतरी खाली घेतलीय. चार बोटं. तो बोल्ट गंजलेला होता हो, मला हलला नव्हता."

ती माझ्या खांद्याला लागायची. पुढच्या सीटवर तिचे पाय पोचत नाहीत, म्हणून ती कधी पुढे बसलीच नव्हती.

"मागची?" मी विचारलं.

"काय?"

"मागची सीट. ती बघा."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग त्याची पावलं. मग परत येणारी पावलं.

"मागची वर गेलीय, साहेब," तो म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता. "तुमच्या उंचीच्या माणसाला लागेल... इतकी."

मी फोन कानाला धरून खाटेच्या कडेवर बसून होतो. नुकताच झोपेतून उठलो होतो. उठून उभं राहायला गेलो, पण उभं राहता येईना. मांड्या भरून आल्या होत्या आणि मला धाप लागली होती. मिस्त्रीला ती ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंड मिटून घेतलं.