छत्तिसावा फोटो

"खट्!"

"भाव्याऽऽ! काय काढलंस?" उन्नती टमटममध्येच किंचाळली.

"काही नाही गं. बोट लागलं." दहा वर्षांच्या भाविकने कॅमेरा घाईघाईने पाठीमागे लपवला. "शेजारच्या काकांच्या पिशवीतली कोंबडी चांगली दिसत होती."

सगळी टमटम हसली. कोंबडीही ओरडली. उन्नतीने मात्र कॅमेरा ओढून घेतला आणि वरचा छोटा आकडा पाहिला. एकोणतीस! छत्तीस फोटोंच्या रोलमधले एकोणतीस संपले होते. भिवंडीच्या स्टँडवरचं कुत्रं, लस्सीचा ग्लास, भाविकचा स्वतःचा अंगठा. दोनदा!

"सातच उरले," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलंय, एक सुट्टी, एक रोल. आता कॅमेऱ्याला हात लावलास तर बघ!"

२००५ सालचा मे महिना होता. दोघं भावंडं अंबाडीच्या पुढे असलेल्या मामाच्या गावी निघाली होती. तिथल्या रानात सर्पगरुडाने घरटं केलंय, असं आक्कामावशीने फोनवर सांगितलं होतं. तेव्हापासून तेरा वर्षांच्या उन्नतीला एकच ध्यास लागला होता. साप घेऊन घरट्यावर उतरणारा गरुड! तो एक फोटो मिळाला, की बाकी सुट्टीत काही नको.

गावात पहिल्या रात्री तिला झोप लागली नाही. भिवंडीच्या घरी शेजारच्या कापडाच्या लूमचा खडखडाट चोवीस तास सोबतीला असायचा. इथली शांतता कानाला टोचत होती. उजाडताच ती उठली आणि देवूला हाक मारायला धावली.

देवू पाड्यावर राहायचा. त्याचे वडील महादू मामाच्या आंब्याच्या बागेचे राखणदार होते, आणि दर सुट्टीत या तिघांची टोळी ठरलेली असायची.

"हळू ये," देवू कुजबुजला. "ती बग, ओहोलावरची जांभली. वर डाव्या हाताला."

दाट पानांच्या आत काटक्यांचा ढीग दिसत होता. एकदम रानावर लांब शीळ घुमली, "क्लीऽऽ विप् विप्!" आणि पिवळ्या चेहऱ्याचा, काळ्यापांढऱ्या तुऱ्याचा मोठा पक्षी आभाळात गिरकी घेऊन गेला. घरट्यात कापसाच्या बोळ्यासारखं काहीतरी हललं.

"पिल्लू!" भाविक ओरडला, आणि दोघांनी दोन बाजूंनी त्याचं तोंड दाबलं.

उन्नतीने एका सपाट खडकावर उभं राहून फोटो काढला. मग ठरवलं, रोज सकाळी आठ वाजता, याच खडकावरून, एकच फोटो. कधीतरी गरुड साप घेऊन येईलच!

ही युक्ती तिला आदल्या संध्याकाळीच मनोज सरांनी शिकवली होती. मनोज सर म्हणजे मामाच्या फार्महाऊसवर उतरलेले मुंबईचे पाहुणे. गरुडांचे फोटो काढत ते देशभर फिरत. त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स मामाच्या मांडीएवढी होती, असं भाविकचं म्हणणं. "कॅलेंडरवर छापणार आहेत आपला गरुड!" केसरीनाथमामा येईल त्याला सांगायचा. जणू तो गरुड त्यानेच पाळला होता.

पाच दिवसांत पाच फोटो निघाले. सापाचा पत्ता नव्हता, आणि उन्नती दिवसेंदिवस अस्वस्थ होत होती. काहीतरी बिघडलं होतं. पिल्लू आता खडकावरूनही स्पष्ट दिसायचं. चोच उघडी टाकून ते धापा टाकायचं. मादी शिकारीला न जाता घरट्यातच पंख पसरून उन्हाकडे पाठ करून उभी असायची. वर कावळे घिरट्या घालत होते.

"आधी एवढं ऊन नव्हतं ना रे तिथे?" तिने विचारलं.

देवू झाडाखाली गेला आणि ओरडला, "इकडं या!"

जांभळीखाली हिरव्या फांद्यांचा ढीग पडला होता.

त्याच संध्याकाळी मामाच्या ओट्यावर भडका उडाला.

"महादू, राबाला पाला कमी पडतोय म्हणून जांभळीच्या फांद्या तू मागितल्या होत्यास. मी नाही म्हणालो होतो. होय का नाही?"

"व्हय, शेट." महादू मान खाली घालून उभे होते.

"मग रानात तोड कुणी केली?"

"मी न्हाय तोरली, शेट. पोराची आन."

भाताची रोपं करण्याआधी शेतात पाला, काटक्या, शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. राब नसेल तर रोप चांगलं उगवत नाही. मे अर्धा सरला होता आणि महादूंचा राब अजून अपुरा होता. गावातल्या कुणालाही मामाचंच म्हणणं पटलं असतं.

"गावाकडे असंच असतं," खुर्चीतून मनोज सर उसासा टाकत म्हणाले. "पक्ष्यांची किंमत कुणाला आहे?"

ते ऐकून मामाचा चेहरा लाल झाला. "रविवारपासून राखणीला येऊ नकोस, महादू!"

देवू वळून चालू लागला. उन्नती आणि भाविक त्याच्यामागे पळाले.

"रडतोयस?" भाविकने विचारलं.

"डोल्यात कचरा गेला." देवूने नाक पुसलं. मग एकदम थांबला. "ती तोड बाची न्हाय. मी दाखवतो."

झाडाखाली त्याने एक फांदी उचलली. "कोयत्याचा घाव कसा असतो? तिरका. तीनचार घाव पडतात. हा बग!"

कापलेलं टोक ताटलीसारखं सपाट होतं. खालच्या पानांवर पिठासारखा भुसा पडला होता.

"करवत!" उन्नती म्हणाली.

"आमच्या पाड्यात करवत कुनाकडंच न्हाय. आनि राबाला पाला तोडला, तर मोली बांधून घरी न्हेऊ ना? हितं कशाला टाकू?"

"मामाला सांगू या!"

सांगितलं. मामा म्हणाला, "सुट्टीला आलात ना? आंबे खा."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सकाळचा फोटो काढून आकडा पस्तीसवर गेला. एकच फोटो उरला!

"फांद्या कापणारा कुणी बघत नसतानाच येणार. गाव कधी झोपतं?" उन्नतीने विचारलं.

"दुपारी जेवन झाल्यावं."

दुपारी एक वाजता तिघं करवंदीच्या जाळीत शिरून बसली. काटे टोचत होते, मुंग्या चावत होत्या. भाविक करवंदं खाऊन जांभळा झाला होता. अर्धा तास गेला. एक तास गेला.

"मला शिंक येतेय," भाविक म्हणाला.

"गिळून टाक!"

तेवढ्यात जीपची घरघर ऐकू आली. जीप थेट जांभळीखाली थांबली आणि मनोज सर उतरले! त्यांचा ड्रायव्हर रामनाथ टपावर चढला. त्याच्या हातात लांब बांबू होता आणि बांबूच्या टोकाला बांधलेली करवत!

"ती उजवीकडची डहाळी काढ," सर म्हणाले. "पिल्लावर सावली येतेय. आज फोटो स्वच्छ आलाच पाहिजे."

"साहब, चिड़िया भाग जायेगी."

"अरे, येते परत! काप तू."

खर्र, खर्र, खर्र! मादी घाबरून उडाली. पिल्लू काटक्यांत चपटं झालं. उन्नतीने कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि नेमकी तेव्हाच शीळ घुमली. ओहोळावरून नर येत होता. त्याच्या पिवळ्या पायांत हिरवा साप लोंबत होता! ऊन पंखांवर पडलं होतं, पंखांतला पांढरा पट्टा चमकत होता. इतके दिवस जे स्वप्न पाहिलं होतं, ते समोर आभाळात आलं होतं.

"ताई, गरुड!" भाविक कुजबुजला. "काढ!"

उन्नतीने कॅमेरा वर उचलला. मग तिने देवूकडे पाहिलं. तो गरुडाकडे बघतच नव्हता. त्याची नजर त्या करवतीवर खिळली होती.

तिने कॅमेरा खाली आणला. रामनाथ, बांबू, करवत आणि बोट दाखवणारे मनोज सर.

खट्!

पुढच्याच क्षणी कॅमेरा गिरणीसारखा ओरडू लागला. घर्रर्रर्र! रोल संपला की तो आपोआप गुंडाळायचा. हे मात्र उन्नती विसरलीच होती!

"कोण आहे तिकडे?" मनोज सर जाळीपाशी आले. तिघांना बघून आधी दचकले, मग गोड हसले. "अरे, तुम्ही! फोटो काढताय? शाब्बास! तो रोल द्या माझ्याकडे. मुंबईत एकदम मस्त धुवून आणतो. फुकट!"

उन्नतीने कॅमेरा छातीशी घट्ट धरला. पण भाविकने खिशातून रोलची काळी डबी काढली आणि दोन्ही हातांनी सरांपुढे धरली.

"हा घ्या सर! नीट सांभाळा हां. ताईचा जीव आहे त्यात."

जीप धूळ उडवत निघून गेली.

"भाव्या! काय दिलंस त्यांना?"

"माझे चिंचोके," भाविक शांतपणे म्हणाला. "अकरा होते. तुझा रोल कॅमेऱ्यातच आहे की!"

शनिवारी आक्कामावशीला दात दाखवायला भिवंडीला जायचं होतं. उन्नतीने सगळं सांगितल्यावर मावशी दात विसरली आणि तिने पदर खोचला. "चल, आदी रोल धुवून आनू. केसऱ्या लहानपणापासून असाच हाय. डोल्यानं दिसल्याशिवाय पटत न्हाय त्याला."

रविवारी सकाळी मामा ओट्यावर चहा पीत होता. मनोज सर सामान बांधून निघायच्या तयारीत होते. पायरीखाली महादू बागेच्या किल्ल्या परत द्यायला आले होते.

"सर, माझा रोल?" उन्नतीने विचारलं.

"अरे हो!" सरांनी तोंड पाडलं. "काल माणूस पाठवून मुद्दाम मुंबईला धुवायला दिला. पण सगळा काळा निघाला गं. उजेड लागला होता. एकही फोटो आला नाही."

"चिंचोक्यांना उजेड लागला?" भाविकने विचारलं.

"काय?"

"डबीत अकरा चिंचोके होते. उघडली असती तर दिसले असते!"

मनोज सरांचा हात खिशाकडे गेला. आक्कामावशीने पिशवीतून फोटो काढले आणि पत्ते मांडावेत तसे एकेक ओट्यावर ठेवले. सहा सकाळी, एकच खडक, कोपऱ्यात केशरी तारखा. पहिल्यात पानांत हरवलेलं घरटं. दुसऱ्यात थोडं उजेडात. सहाव्यात उघड्या उन्हात धापा टाकणारं पिल्लू. मग तिने सातवा ठेवला.

मामाने तो फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला.

"एका चांगल्या फोटोसाठी करावं लागतं," मनोज सर पुटपुटले. "सगळेच करतात."

"माझ्या रानात नाही करत," मामा म्हणाला. "निघा आता. आणि वनखात्याच्या साहेबांना मी फोन करतोय, तेही ऐकून जा."

जीप गेली. मामा पायरीवरून उतरला. महादूंनी पुढे केलेल्या किल्ल्या त्याने त्यांच्याच मुठीत दाबल्या.

"चुकलो, महादू. पाहुण्याचं ऐकलं, तुला विचारलंही नाही नीट."

"पिल्लाचं बगा आदी, शेट," महादू म्हणाले. "ऊन चढतंय."

ते स्वतःच झाडावर चढले. मादी उडताच त्यांनी पाचसहा पानांच्या डहाळ्या घरट्यावर वाकवून काथ्याने बांधल्या आणि घटकाभरात खाली उतरले. सगळे दूर खडकामागे श्वास रोखून बसले. कावळे जवळ येत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. उन्नती नखं खात होती.

क्लीऽऽ विप् विप्! मादी आली, फांदीवर उतरली, नव्या सावलीकडे मान वाकडी करून पाहिलं आणि आत शिरली. मागोमाग नर आला. त्याच्या पायांत साप होता.

उन्नतीने सवयीने कॅमेरा उचलला.

"ताई, रोल नाही त्यात," भाविक म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि कॅमेऱ्याशिवायच बघत राहिली.

"नवा रोल मी आणतो," मामा हळूच म्हणाला. "पण तुझ्या त्या छत्तिसाव्यासारखा फोटो पुन्हा निघायचा नाही. एवढा मोठा मी, मला जे दिसलं नाही, ते तुम्हा पोरांना दिसलं!"

"माझे चिंचोके पण आणा," भाविक म्हणाला. "अकरा!"

झाडाखाली कापलेल्या फांद्यांचा ढीग उन्हात खडखडीत वाळला होता. मामाने देवूच्या पाठीवर हात ठेवला. "हे सगळं तुमच्या राबाला ने रे."

देवूने त्या सपाट कापलेल्या फांद्यांकडे पाहिलं आणि काथ्या उचलला. मग तिघांनी मिळून पहिली मोळी बांधली.