हलायचं नाही

दिवा जरा मोठा करता का? हं, एवढा पुरे.

मी जुन्या वस्त्यांचे फोटो काढते, हे तुम्हाला माहीत आहेच. एखादी गल्ली पाडायची ठरली की आमचं रेकॉर्ड ऑफिस मला आधी तिथे पाठवतं. जुना फोटो ज्या जागेवरून काढला असेल, नेमक्या तिथेच उभं राहायचं आणि नवा काढायचा. दोन्ही शेजारी ठेवले की काय गेलं आणि काय राहिलं ते दिसतं. साधं काम आहे. त्या दिवशीही तेवढ्यासाठीच गेले होते.

उताराची अरुंद गल्ली होती. वरच्या टोकाला भाजीबाजार, खालच्या टोकाला शाळा. सोमवारपासून ती पाडून रुंद रस्ता होणार होता. निम्म्या घरांवर रंगाने आकडे टाकलेले, खिडक्यांच्या चौकटी काढून नेलेल्या. मधोमध एका पहिल्या मजल्यावर फोटोवाले काका राहत. खाली त्यांचा स्टुडिओ होता, तो कधीच बंद पडलेला. दर वर्षी एकाच तारखेला, दुपारी सव्वाचारला, एकाच खिडकीतून त्यांनी या गल्लीचा फोटो काढला होता. पंचवीस वर्षं. ते फोटो ऑफिसला हवे होते आणि सव्विसावा मला काढायचा होता, कारण काकांचे डोळे गेले होते.

दार काकूंनी उघडलं. किडकिडीत बाई, पदराला हात पुसत होत्या. आत अर्धं घर खोक्यांत भरलेलं होतं. खिडकीशी मात्र काहीच हललेलं नव्हतं. लाकडी तिवईवर मोठा जुना कॅमेरा आणि शेजारच्या खुर्चीत काका.

"आलीस? वेळेची पक्की दिसतेस," ते म्हणाले. "आमच्या धंद्यात दोनच गोष्टी लागतात, पोरी. वेळ आणि दरारा. मी 'हलायचं नाही' म्हटलं की गिऱ्हाईक श्वास सोडायचं विसरायचं. एक नवरदेव तर चक्कर येऊन पडला होता!"

ते मोकळे हसले. काकू हसल्या नाहीत. त्या आत गेल्या.

मी फोटोंचा गठ्ठा जमिनीवर ओळीने मांडला. काकांची पद्धत वेगळी होती. भिंगापुढे गडद काळी काच लावून ते आठ सेकंद कॅमेरा उघडा ठेवत. त्यामुळे घरं, खांब, पोस्टाची पेटी लख्ख येत आणि चालणारी माणसं नुसती धुरासारखी. पहिल्या सहा फोटोंत त्या धुरात एकच माणूस स्पष्ट होतं. पोस्टाच्या पेटीशेजारी उभी असलेली एक मुलगी. पहिल्या फोटोत चार वर्षांची असेल, सहाव्यात नऊ. शाळेचं दप्तर, दोन वेण्या, ओठ घट्ट मिटलेले.

"आमची लेक. मापासाठी उभी करायचो," काका म्हणाले. "शेजारी माणूस असलं की घरांची उंची कळते ना. शाळेतून यायची चार वाजता. मी वरून ओरडायचो, 'हलायचं नाही!' आठ सेकंद झाले की 'झालं, ये वर!' मग जिन्यावरून धडधडत यायची."

सहाव्या फोटोत तिच्या मागे, उतारावरून, एक तिरपा करडा पट्टा आला होता. मी तो बघत राहिले. "हा पट्टा कसला, काका?" मी विचारलं.

"टेम्पो. रिकामा," ते म्हणाले. "वर बाजारात उभा होता, त्याचा ब्रेक सुटला. इंजिन बंद, त्यामुळे आवाज नाही. मी घड्याळाकडे बघत होतो... पाच, सहा... लोकांनी आरडाओरडा केला. तिने पाहिलं असणार गं. पण हलली नाही."

खाली कुणीतरी पत्रा ओढत नेत होतं. 

"पुढचे बघ," ते म्हणाले. "नीट बघ."

पुढच्या फोटोंत मुलगी नव्हती. तीच गल्ली, तोच माणसांचा धूर, पोस्टाच्या पेटीपर्यंत आलेला. पण पेटीशेजारी तो दुभंगत होता. मधे एक रिकामी, स्वच्छ जागा राहत होती आणि तिच्यातून मागची भिंत वीट न् वीट दिसत होती. डोकं, खांदे, खाली सरळ. मी पुढचा फोटो घेतला, मग त्याच्या पुढचा. जागा वाढत होती. दर वर्षी बोटभर. आधी दहा वर्षांची, मग बारा, पंधरा, वीस. पंचविसाव्या फोटोत ती मोकळी जागा एका उभ्या बाईएवढी होती.

मी फोटो खाली ठेवले. उठून खिडकीबाहेर पाहिलं. सामान हलवणारे लोक, पिशव्या घेतलेल्या बायका, सायकली. गल्ली अरुंद, धक्के खात चालावं लागत होतं. तरी पेटीशेजारचा हातभर तुकडा मोकळा होता. गप्पा मारत येणारे दोघे तिथे आले की जरा बाजूला होत आणि पुन्हा सरळ चालू लागत. कुणी खाली बघत नव्हतं, थांबत नव्हतं. आणि मग आठवलं, मघाशी येताना मीसुद्धा तिथे वळसा घेतला होता.

"पाणी घे," म्हणून काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. पाणी दिलंच नाही. माझं मनगट धरलं आणि अगदी हळू बोलल्या.

"वीस वर्षं उभी आहे माझी पोर. ऊन नाही, पाऊस नाही... हलायचं नाही म्हटलं ना बापाने. 'झालं' कुणी म्हटलंच नाही तिला."

"मग काका का नाही म्हणत?"

"म्हणतात, 'झालं' म्हटलं तर जाईल ना ती! वर्षातून एकदा दिसते, तेही जाईल. किती हातापाया पडले मी. ऐकत नाहीत. माझा आवाज तर त्या दिवसापासून खिडकीपर्यंत पोचतच नाही बघ, तोंड उघडलं की नुसती हवा. सोमवारी इथे खोदणार. ती कुठे उभी राहील? तू म्हण, बाई. तू परकी आहेस, तुला जमेल."

मी मनगट सोडवून घेतलं आणि खिडकीशी परत गेले.

सव्वाचार वाजले. मी काळी काच लावली. काकू दाराशी उभ्या होत्या, पदराचं टोक तोंडाशी धरून. काका खुर्चीत ताठ बसले आणि मोजू लागले.

"एक... दोन..."

उन्हात धूळ तरंगत होती. खालचा गलका तसाच चालू होता, पण कापूस घातलेल्या कानांनी ऐकावा तसा.

"सात... आठ."

मी कॅमेरा मिटला. काकूंकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज खरंच येत नव्हता. माझ्याच्याने ते बघवेना. मी खिडकीबाहेर वाकले आणि हलकेच म्हटलं,

"झालं, बाळ... ये."

'वर' म्हणायचं राहून गेलं. तेव्हा ते लक्षातही आलं नाही.

खाली डोक्यावर गाठोडं घेतलेला एक माणूस पेटीशेजारून सरळ चालत गेला. बरोब्बर त्या जागेवरून. त्याच्या मागून एक सायकल गेली, मग बायका गेल्या. मोकळा तुकडा माणसांनी भरून गेला.

"कोण बोललं?" काका ओरडले. "काय म्हणालीस तू तिला?"

काकूंनी घराचं दार सताड उघडलं. जिन्यावर एकदा करकरलं, खालच्या पायऱ्यांवर. मग थांबलं. आम्ही तिघंही ऐकत होतो. वर कुणी आलं नाही.

काकू उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मी काकांच्या अंधारखोलीत जाऊन, लाल दिव्याखाली, व्हिनेगरसारख्या आंबट वासात तो फोटो धुतला. बाहेर आले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि काकू तशाच उभ्या होत्या, एक हात दारावर ठेवून. वीस वर्षांनी पोर घरी यायची वाट बघणारी आई मी तेव्हा पाहिली. पुन्हा बघायची नाही मला.

"आली का फोटोत?" काकांनी विचारलं. राग ओसरला होता, आवाज पार खचलेला.

"आली, काका."

"केवढी झाली?"

"मोठी झाली. काकूंपेक्षाही उंच."

"माझ्या आईवर गेली," ते म्हणाले आणि ओल्या फोटोवरून बोटं फिरवत राहिले. मी त्यांना थांबवलं नाही. त्या बोटांनी फोटो खराब झाला. ऑफिसला मी तसाच दिला.

सोमवारी गल्ली पाडली. ती दोघं शहराबाहेर नव्या इमारतीत राहायला गेली. महिन्याभरात काका गेले, झोपेतच. तेराव्या मजल्यावरून काकूंचा फोन आला.

"ते गेले त्याचं वाईट नाही गं, सुटले. पण ती... ती इकडे नाही आली. मी दार उघडंच ठेवते. तिला पत्ता सापडला नसेल का?"

मी म्हटलं, "सापडेल, काकू." दुसरं काय म्हणणार?

हे सगळं झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी मी ताईबरोबर बाजारात गेले होते. माझी सख्खी मोठी बहीण. ती बोलायला लागली की समोरच्याला हूं म्हणायचीही फुरसत नसते. संध्याकाळची वेळ, रस्ता माणसांनी फुललेला. मधेच ती थांबली.

"काय गं, रागावलीस का माझ्यावर?"

"नाही. का?"

"मग अशी लांब का चालतेस? मगाचपासून बघतेय. मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडलीयस."

मी पाहिलं. खरंच होतं. समोरून येणारे लोक काही तिच्या पलीकडून जात होते, काही माझ्या अलीकडून. मधून कुणीच जात नव्हतं.

काकूंचा नंबर माझ्याकडे आहे. कितीदा काढला आणि परत ठेवून दिला. त्या माउलीला कुठल्या तोंडाने सांगू, की तुमच्या मुलीला मी नीट बोलावलं नाही म्हणून? आता रस्ता ओलांडताना मी थांबते. लांबून एखादी गाडी येताना दिसली तरी ती आधी जाऊ देते.

पण त्या संध्याकाळी मी हसले, "काहीतरीच तुझं," म्हणत ताईच्या जवळ सरकले. ताई तिच्या शेजारणीची काहीतरी गोष्ट सांगत होती. सांगता सांगता, खाली न बघता, ती तेवढीच पलीकडे सरकली.